जुन्या एमजीबीत दुसरं इंजिन बसवायचं आहे. व्ही-८ (आठ सिलिंडरचं) घ्यावं की आधुनिक चार सिलिंडरचं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: गाडी १९७२ची एमजीबी रोडस्टर (एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी स्पोर्ट्स गाडी), मूळ १.८ लिटर इंजिनाचा ब्लॉक तडकलेला. एक मित्र शेव्हर्लेचं ५.७ लिटरचं लोखंडी व्ही-८ फुकट द्यायला तयार आहे. ते घ्यावं, रोव्हरचं ३.५ लिटरचं व्ही-८ शोधावं, की नव्या काळातलं चार सिलिंडरचं बसवावं?

मित्राचं इंजिन घेऊ नका. ते वाईट आहे म्हणून नाही, जड आहे म्हणून. सगळ्या साजासकट ते २६० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे तुमच्या मूळ इंजिनापेक्षा जवळजवळ १०० किलो जास्त, आणि तेही थेट पुढच्या चाकांवर. सबंध गाडीच जेमतेम टनभर वजनाची. मग पुढच्या स्प्रिंगा बदला, ब्रेक बदला, स्टेअरिंग जड झालं ते सोसा. एवढं करूनही वळणावर गाडीचं नाक बाहेरच पळणार. ज्या वळणांसाठी ही गाडी घेतलीत, तीच हातची जातील.

मी स्वतः एमजीबी जीटीत, म्हणजे याच गाडीच्या छपराच्या प्रकारात, रोव्हरचं व्ही-८ बसवलं आहे. इंजिन जागेवर उतरवायला एक शनिवार-रविवार पुरला. गाडी रस्त्यावर यायला त्यानंतर चौदा महिने लागले. म्हणून कुणी विचारलं की पहिल्यांदा वजन किती ते सांगतो, मग संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) कुठे आहे, मग गिअरबॉक्स कुठला लावणार. अश्वशक्तीवर मी शेवटी येतो.

रोव्हरचं इंजिन मुळात ब्युइकचं. १९६१मध्ये ते अमेरिकेत आलं, पुढे रोव्हरने त्याचे हक्क घेतले. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमची, त्यामुळे आठ सिलिंडर असूनही वजन एमजीबीच्या लोखंडी चार सिलिंडरएवढंच, फार तर थोडा इकडेतिकडे फरक. केन कॉस्टेलो नावाच्या गाडी बांधणाऱ्याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे इंजिन एमजीबीत बसवून गाड्या विकल्या. १९७३मध्ये एमजीच्या कारखान्यानेही स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ काढली आणि तिच्या २,५९१ गाड्या बनवल्या. कॉस्टेलोच्या गाडीला बॉनेटवर फुगवटा द्यावा लागला होता. कारखान्याने कार्ब्युरेटर मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि बसायची जागा यांच्यातल्या पत्र्याजवळ) सरकवले आणि बॉनेट सपाट ठेवलं. तुम्हाला हे जिथे शक्य असेल तिथे कारखान्याची वाट धरा, कारण त्यांनी जागेचं गणित आधीच सोडवून ठेवलं आहे.

लहान गाडीत मोठं इंजिन घालण्याची परंपरा जुनी आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीने १९६२मध्ये एसी कंपनीच्या एस या लहान ब्रिटिश गाडीत फोर्डचं छोटं व्ही-८ घातलं, ती कोब्रा. त्या इंजिनाची लोखंडी ओतीव भिंत पातळ होती आणि इंजिन आटोपशीर होतं, म्हणून ते जमलं. तरी मागचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) दणकट घालावंच लागलं. १९६४च्या सनबीम टायगरमध्येही फोर्डचं २६० घनइंचाचं तसलंच व्ही-८ आलं. तिथे जागा इतकी अपुरी होती की जुनं स्टेअरिंग काढून रॅक-पिनियन बसवावं लागलं, आणि सगळ्यात मागचा एक प्लग काढायला फायरवॉलला भोक ठेवलं, म्हणजे तो प्लग गाडीच्या आतून बदलायचा. कारखान्यांनी बनवलेल्या गाड्यांची ही गत. तेव्हा आपल्या गॅरेजमध्ये काय होईल याचा अंदाज आधीच बांधलेला बरा.

आता संप. इंजिन वरून पाहिलं की बसेल असं वाटतं, पण अडतं ते खाली. तेलाचा संप पुढे खोल असेल तर तो क्रॉसमेंबरवर (गाडीच्या पुढच्या आडव्या तुळईवर) टेकतो, मग इंजिन वर उचलावं लागतं, मग बॉनेट लागत नाही. विकत घेण्याआधी संपाचा आकार, पंप-पुलीसकट पूर्ण लांबी आणि मॅनिफोल्डसकट (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांसकट) रुंदी मोजा. त्या मापाचा पुठ्ठ्याचा किंवा थर्माकोलचा ठोकळा करून इंजिनाच्या जागेत ठेवून बघा. इंजिन जोर लागला की माउंटिंगवर कलतं, त्यामुळे कुठल्याही बाजूला दोन सेंटिमीटरपेक्षा कमी फट ठेवू नका.

एक्झॉस्टच्या बाबतीत मी चुकलो. माझे मॅनिफोल्ड ब्लॉकला चिकटून खाली उतरत होते, स्टेअरिंगच्या शाफ्टपासून बोटभर अंतरावर, आणि क्लचची तेलाची नळी त्यांच्या शेजारून जात होती. पहिल्याच मोठ्या फेरीत वीस मिनिटांनी क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. नळीतलं तेल उकळलं होतं. रहदारीच्या मधोमध गाडी गिअरमध्ये अडकलेली, मागे रांग लागलेली. त्या दिवशी मी खरोखर घाबरलो. नंतर नळीची वाट बदलली आणि मॅनिफोल्ड आतल्या मडगार्डातून बाहेर काढणारे घेतले. १९९०च्या दशकातल्या एमजी आरव्ही-८ला कारखान्याने तसेच दिले होते. मडगार्डाला भोकं पाडायला जीवावर येतं, पण उष्णता बाहेर जाते. तुम्ही हे पहिल्याच फटक्यात करा.

गिअरबॉक्स मूळचाच ठेवायचा मोह होईल. कारखान्याने व्ही-८ला त्याचाच सुधारलेला प्रकार दिला होता, पण टॉर्क (फिरवण्याचा जोर) सोसेना म्हणून ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जोडगिअर) फक्त चौथ्या गिअरपुरता ठेवला. रोव्हर एसडी-१ या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स याच इंजिनाला थेट जुळतो. गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा थोडा ठोकून रुंद करावा लागतो आणि मागे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करावा लागतो, पण ॲडॉप्टर प्लेटची भानगड राहत नाही. शाफ्ट बसवताना गिअरबॉक्सचं शेपूट आणि डिफरन्शियलचा पिनियन यांच्या रेषा समांतर ठेवा. नाही तर ठरावीक वेगाला अशी थरथर सुरू होईल की महिनाभर चाकं बॅलन्स करत बसाल.

डिफरन्शियलचा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. तुमच्या गाडीचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या फेऱ्या) ३.९०९, कारखान्याच्या व्ही-८चं ३.०७. चाकाचा घेर साधारण १.९ मीटर धरला तर चौथ्या थेट गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला ३,००० फेऱ्यांना जुन्या गुणोत्तरावर गाडी ताशी ८७ किलोमीटर जाते, नव्यावर १११. टॉर्क भरपूर असलेल्या इंजिनाला जुनं गुणोत्तर ठेवलं तर पहिला गिअर टाकेपर्यंत संपतो आणि हमरस्त्यावर इंजिन उगाच ओरडत राहतं.

आधुनिक चार सिलिंडरचं काय, हाही तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते तोही चांगला रस्ता आहे, फक्त वेगळ्या स्वभावाच्या माणसासाठी. माझदा एमएक्स-५चं इंजिन मुळातच गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं आणि मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरबॉक्सला जोडलेलं असतं, त्यामुळे जोडी अख्खी उचलता येते. पण त्यासोबत ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), सेन्सर आणि वायरिंगचा हार्नेस येतो. अशा वेळी सुटं इंजिन घेऊ नका, चालू स्थितीतली पूर्ण गाडी घ्या, आणि तिचा एक कनेक्टरही कापू नका. पेट्रोलचंही बदलतं. तुमच्या एसयू कार्ब्युरेटरांना पंपाचा नुसता हलका दाब पुरतो, इंजेक्शनला अडीच-तीन बार लागतो. वळणात जुन्या टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, म्हणून मध्ये छोटी सर्ज टाकी हवीच. नळ्याही इंजेक्शनच्या दाबाच्या. इथे काटकसर करू नका, आग लागते.

रेडिएटर मोठा घ्या आणि विजेचे दोन पंखे लावा. कारखान्यानेही तेच केलं होतं. पुढच्या ब्रेकच्या जाड डिस्क आणि कॅलिपर व्ही-८चे मिळाले तर उत्तम.

इंजिन बदललं की नोंदणी, विमा आणि धुराची चाचणी यांचे नियम लागू होतात आणि ते देशागणिक वेगळे असतात. कात्री-वेल्डिंगला हात लावण्याआधी लेखी परवानगी घ्या. गाडी तयार होऊन कागदांअभावी झाकून ठेवावी लागली तर फार वाईट वाटतं.

आणि एक काम आजच करा. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचं शरीरच सगळा भार घेतं, आणि रोडस्टरला छपराचाही आधार नाही. दारांखालचे सिल (पत्र्याच्या पोकळ पट्ट्या) आणि आतले मडगार्ड हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. आवाज बद्द आला किंवा गंज गळला तर इंजिनाचा विषय बाजूला ठेवा आणि आधी वेल्डरला बोलवा. दारं लावलेली असतानाच सिल बदलून घ्या; दारं काढून वेल्डिंग केलं तर मधला भाग वाकतो आणि नंतर दारं लागत नाहीत. सिल टणक निघाले तर चारही मडगार्डांच्या कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. जुनं इंजिन आत आहे तोवरच ही मापं मिळतील, आणि नव्या स्प्रिंगा निवडताना तुम्हाला तीच लागणार आहेत.