उजवं पान कोरं ठेव

बाळा,

तुझी मेल वाचली. सोबतचा तक्ताही नीट पाहिला. घोड्यांचं वर्तन आणि वेल्फेअर, म्हणजे त्यांचं कल्याण, शिकायला ब्रिटनला जायचं म्हणतोस, त्यासाठी तीन विद्यापीठं: हार्टपरी, नॉटिंगहॅम ट्रेंट, एडिंबरा. फी, राहण्याचा खर्च, आयईएलटीएसची इंग्रजी परीक्षा, व्हिसा, पुढे नोकरी मिळेल का. अकरा रकाने केलेस आणि एकाही रकान्यात घोडा नाही. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर, घोडेवाल्यांच्या घरात वाढलेल्या मुलाच्या तक्त्यात घोडा नसावा, याचा मला राग आला. म्हणून उत्तराला दोन दिवस लागले.

तुझा खरा प्रश्न त्या तक्त्यात नाहीच, तो मेलच्या शेवटच्या तीन ओळींत आहे. काका म्हणाले, "तिकडून वेल्फेअर शिकून येशील आणि आमचेच घोडे बंद करशील." ते तुला लागलंय. काकांवर रागावू नकोस. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा घोडागाडीवर पोट असलेल्यांचं काय झालं हे त्यांनी ऐकलंय. आता माथेरानमध्येही ई-रिक्षा आल्या. 'वेल्फेअर' हा शब्द त्यांच्या कानाला नोटिशीसारखा लागतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पण अर्जासोबतच्या निबंधात तू काय लिहिलंस? "घोडे मुकाट्याने सोसतात. मला त्यांचा आवाज व्हायचं आहे." हे वाक्य आज काढून टाक. घोडा मुका नसतो. कान, नाकपुड्या, डोळ्यावरची घडी, हनुवटी, शेपूट, कुठल्या पायावर भार दिला आणि कुठला सैल सोडला, यांतून तो दिवसभर सांगत असतो. तुला त्याचा आवाज व्हायचं नाहीये. तुला बघायला शिकायचंय.

माझं सगळं शिक्षण एका वहीत मावतं. डाव्या पानावर दिसलं ते लिहायचं, उजव्या पानावर त्याचा अर्थ. आणि उजवं पान होईल तितका वेळ कोरं ठेवायचं. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस. मला ते फार उशिरा कळलं.

परळच्या कॉलेजातून बाहेर पडल्यावर मी पुण्यात रेसच्या एका तबेल्यात लागले. साल १९९९. तिथे एक तांबडी घोडी होती, चार वर्षांची. पहाटे साडेचारला चंदीच्या डब्यांचा आवाज आला की ती अर्ध्या दारावरून मान बाहेर काढून डुलायला लागायची. या पुढच्या पायावरून त्या पायावर, पुन्हा या पायावर, चंदी पुढ्यात येईपर्यंत. मी रजिस्टरमध्ये एकच शब्द लिहिला, 'खोड', आणि दाराला लोखंडी गज बसवून घेतले. मान बाहेर येईना. मालक खूश झाले, मीही झाले. म्हातारा सईस म्हणाला, "मॅडम, एकदा आत जाऊन बघा." मी गेले नाही. पंधरा दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी आत गेले, तेव्हा घोडी गजांच्या मागे उभी राहून तशीच डुलत होती. तिच्या पुढच्या पायांखाली जमिनीत दोन खळगे पडले होते, आमटीच्या वाटीएवढे खोल.

ते खळगे मी विसरलेले नाही. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो. त्याच्या जठरात आम्ल सतत झिरपतं, तो खात असो वा नसो. त्या घोडीला वैरण किती मिळत होती, ती किती वेळात संपत होती, मधले किती तास तिच्यापुढे काही नसायचं, शेजारचा घोडा तिला दिसत तरी होता का? यातलं मी काहीही पाहिलेलं नव्हतं. माझं डावं पान कोरं होतं आणि उजव्या पानावर 'खोड' लिहून मी मोकळी झाले होते. पुढे ती विकली गेली. कुठे गेली हे मी विचारलंही नाही.

सात वर्षांनी, २००६ मध्ये, मी इंग्लंडला शिकायला गेले. पहिल्याच आठवड्यात बाईंनी दहा मिनिटांची चित्रफीत लावली. एक घोडा, एक तबेला, बाकी काही नाही. "लिहा," म्हणाल्या. मी झरझर लिहिलं: घोडा कंटाळला आहे, थोडा चिडला आहे. बाईंनी 'कंटाळला'भोवती पेन्सिलीने गोल केला आणि शांतपणे विचारलं, "हे कितव्या मिनिटाला दिसलं?" माझ्या मागे सात वर्षांची डॉक्टरकी होती आणि मला उत्तर देता येईना. शेजारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी बसली होती. तिने लिहिलं होतं: कान मागे, चार वेळा. डावा मागचा पाय सैल, सहा मिनिटं. दाराकडे पाहिलं, नऊ वेळा.

या अभ्यासाचा गाभा एवढाच आहे. उरलेलं तुला पुस्तकात मिळेल.

बर्लिनचा हान्स नावाचा घोडा तर तुला अभ्यासाला असेलच. त्याचे मालक फोन ओस्टेन गणिताचे निवृत्त शिक्षक होते. हान्स खूर आपटून बेरीज-वजाबाकीची उत्तरं द्यायचा. १९०४ मध्ये जाणकारांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. मग ओस्कार फुंग्स्ट यांनी चिकाटीने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये छापले. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की माणसाची मान नकळत किंचित वर व्हायची, आणि ते पाहून हान्स थांबायचा. हे सांगून लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. माणसाच्या मानेची तसूभर हालचाल ओळखणारा प्राणी समोर उभा होता आणि त्याचं ते खरं कसब इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही, कारण सगळ्यांचं उजवं पान आधीच भरलेलं होतं: घोडा हुशार आहे, किंवा मालक लबाड आहे. ओस्टेन लबाड नव्हते. त्यांचं घोड्यावर प्रेम होतं. तुझंही आहे. म्हणूनच तुला बजावतेय.

वेदना कशी मोजणार, असं तू विचारलंस. २०१४ मध्ये घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी आली. ताठ मागे गेलेले कान, आवळलेला डोळा, डोळ्यावरचा ताण, जबड्याचे स्नायू, ओठ-हनुवटी, नाकपुड्या, अशा सहा जागा, प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन. २०१८ मध्ये स्यू डायसन यांनी स्वाराखालच्या घोड्याची चोवीस वर्तनं मांडली. त्यांतली आठ किंवा जास्त दिसली तर हाडा-स्नायूचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. प्राण्याचं कल्याण तपासायची पाच क्षेत्रांची चौकटही तुला शिकवतील: आहार, परिसर, आरोग्य, वर्तन आणि शेवटी मनःस्थिती. मेलर आणि रीड यांची, १९९४ ची. पाचव्या क्षेत्रात थेट उडी मारता येत नाही, पहिल्या चारांतून चालत जावं लागतं. बघ, हेसुद्धा डावं पान आणि उजवं पानच आहे.

आता व्यवहाराचं, थोडक्यात. संख्याशास्त्र कच्चं असेल तर जायच्या आधी पक्कं कर, तिथे कोणी थांबत नाही. सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यात फी निघत नाही. तिथे कमावून फेडेन, असं घरी सांगू नकोस. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण झाल्यावर दोन वर्षांसाठी परत यायची अट असते. ती अट तुला बोचेल असं वाटत नाही. हार्टपरी ग्लॉस्टर शहराबाहेर आहे, शेतांच्या मधोमध, थंडीत चारलाच अंधार पडतो. आणि हेही लक्षात ठेव की ही पदवी घेऊन तू घोड्यांचा डॉक्टर होणार नाहीस. इंजेक्शनची सुई हातात घ्यायची असेल तर रस्ता वेगळा आहे, आत्ताच सांग.

तिथले घोडे पाहून तू चक्रावशील. अंगावर झूल, गुडघाभर गवत, आणि अनेकांची मोठी अडचण म्हणजे लठ्ठपणा. चरबीपायी खूर आतून सुजतात आणि तट्टू पाऊल टाकायला कचरतं. आपल्याकडच्या लाल मातीच्या चढावर बरगड्या मोजलेल्या तुला ते दुःख आधी खोटं वाटेल. मलाही वाटलं होतं. 'यांचे लाड चाललेत,' असं मी उजव्या पानावर लिहून टाकलं होतं. मग एका शेटलंड तट्टूला आठ पावलं चालायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून पाहिलं आणि ते वाक्य खोडलं.

तू विचारलंस, परत येऊन मी काय मिळवलं? विचारलंस ते बरं केलंस. परतल्यावर एका मोठ्या ठिकाणी मला घोडे तपासायचं काम मिळालं. एका घोड्याच्या कागदावर 'तंदुरुस्त' लिहायचं होतं. मी वीस मिनिटं समोर उभी राहिले. त्याने उजवा पुढचा पाय अकरा वेळा पुढे टेकवून सैल सोडला. मागचा पाय घोडा सहज विसावतो, ती त्याची रीत आहे. पुढचा पाय तो असा पुन्हा पुन्हा सोडत असेल तर दुखणं शोधायला हवं. मी 'तंदुरुस्त' लिहिलं नाही, 'लंगडा'ही लिहिलं नाही. अकरा लिहिलं. त्यांना शब्द हवा होता, मी आकडा बदलला नाही. पुढच्या महिन्यापासून मला बोलावणं आलं नाही.

लोक म्हणाले, हट्टी आहे, एवढा खर्च करून शिकली आणि काम घालवलं. माझा भाऊ अजून म्हणतो. थोडं गोड बोलून चाललं असतं, हे मला माहीत आहे. आत राहिले असते तर आणखी दहा घोड्यांचं बरं करता आलं असतं का, हा प्रश्न मला काही रात्री झोपू देत नाही. पण तो आकडा मी पुसला असता तर त्या तांबड्या घोडीच्या वेळची मी आणि नंतरची मी यांत फरक काय राहिला असता? मी बरोबर होते. आजही तसंच करेन.

असो, तुझ्याकडे वळते. बाबा दोन घोडे विकून पैसे उभे करतो म्हणतात. विकू देऊ नकोस. घोड्यांचं शिकायला जायचं म्हणून घरचे घोडे विकायचे, हे मला पटत नाही. एडिंबराचे प्राणीकल्याणाचे काही अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतात, व्हिसा लागत नाही. तो रकाना तक्त्यात घाल. कष्ट करणाऱ्या घोड्या-गाढवांवर काम करणारी माणसंही आहेत. डोरोथी ब्रुक यांनी १९३४ मध्ये कैरोत घोड्यांचा दवाखाना काढला, त्यांच्या नावाची संस्था आज आपल्याकडच्या वीटभट्ट्यांवर जाते. तिथे मालकाला शत्रू धरून काम होत नाही.

आणि काकांना उत्तर तोंडाने देऊ नकोस. त्यांना तुझ्या शेजारी उभं कर. त्यांची घोडी उतारावर अडते म्हणालास ना? कुठल्या वळणावर अडते, अडायच्या आधी कान कुठे जातात, खोगीर पुढे सरकतं का, ओझं नसतानाही अडते का, हे त्यांना विचार. त्यांनी ते चाळीस वर्षं पाहिलंय, त्यांना कोणी विचारलेलं नाही. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत डाव्या पानावर उतरव. 'आडमुठी आहे' म्हणाले तर ते उजवीकडे, तारीख घालून.

निबंध त्यानंतर लिही. अर्जाची मुदत महिनाअखेर आहे, म्हणजे हातात तीन रविवार आहेत. या रविवारी पहिली गाडी यायच्या आत दस्तुरीला जा, एकच घोडा निवड, दर दोन मिनिटांनी एक नोंद, दोन तास. मोबाइल खिशात. पावसाची भुरभुर असेल तर शिसपेन्सिल ने, शाई पसरते. रात्री पानांचे फोटो मला पाठव. उजवं पान कोरं दिसलं पाहिजे.

तुझी,
डॉक्टरताई