शस्त्र परवाना : झाकून न्या, पण हद्द बघून

प्रश्न : केळीच्या व्यवहारासाठी आठवड्यातून दोनदा रोकड घेऊन बऱ्हाणपूरला जावे लागते. रिव्हॉल्व्हर कपड्याखाली, कुणाला दिसणार नाही असे बाळगायचे आहे. त्यासाठी वेगळा परवाना लागतो का? (एक व्यापारी, रावेर)

उत्तर : नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांसारखा ‘लपवून बाळगण्याचा’ स्वतंत्र परवाना आपल्याकडे नाही. शस्त्र अधिनियम 1959 खालचा एकच परवाना असतो. उलट, शस्त्र नियम 2016 प्रमाणे चारचौघांत रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा बॅगेत, पूर्ण झाकूनच न्यावे लागते. शर्ट वर करून मूठ दाखवली की परवान्याची अट मोडली.

तुमची खरी अडचण बऱ्हाणपूर ही आहे. रावेर सोडून गाडी पुढे गेली की मध्य प्रदेश लागतो. परवान्यावर फक्त जळगाव जिल्हा किंवा महाराष्ट्र लिहिले असेल, तर हद्द ओलांडताच तुमचे कायदेशीर शस्त्र बेकायदेशीर ठरू शकते. म्हणून ए-1 नमुन्यातला अर्ज भरताना क्षेत्राच्या रकान्यात मध्य प्रदेश स्पष्ट लिहा आणि कारण म्हणून तिथल्या व्यवहाराच्या पावत्या, बँकेचे उतारे जोडा. हा रकाना बहुतेक जण घाईत भरतात आणि मग पस्तावतात.

अर्ज शस्त्र परवान्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. वय 21 पूर्ण हवे. वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. नियमात पोलीस अहवालाला 30 दिवस आणि तो आल्यावर निर्णयाला 60 दिवस दिले आहेत. प्रत्यक्षात फाइल पोलीस ठाण्यातच अडते, कारण अर्जात नुसते ‘स्वसंरक्षणासाठी’ लिहिलेले असते. धमकी आली असेल तर तक्रारीची प्रत, लूट झाली असेल तर गुन्हा क्रमांक द्या. अहवाल लिहिणाऱ्याला पकडायला काहीतरी हवे. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. अपील करता येते.

परवाना मिळेपर्यंत सातपुड्यापलीकडून कुणी ‘स्वस्तात’ काही आणून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. गावठी कट्टा नुसता जवळ सापडला तरी 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 आणि कमाल 5 वर्षांची कैद आहे. शिवाय त्या नळीचा भरवसा नाही, बार उडवताना ती फुटून हातच जातो.

प्रश्न : मुलगा नोकरीच्या व्हिसावर टेक्सासला आहे. तिथे परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते असे तो म्हणतो. खरे का? (धुळे)

उत्तर : अर्धे खरे. 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासमध्ये 21 वर्षांवरील व्यक्तीला परवान्याविना पिस्तूल बाळगता येते, पण ज्याला कायद्याने बंदुकीची मनाई नाही त्यालाच. एच-1बी या नोकरीच्या व्हिसासारख्या बिगर-स्थलांतरित (म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्क न देणाऱ्या) व्हिसाच्या धारकाला तिथला केंद्रीय कायदा मुळातच बंदूक जवळ ठेवू देत नाही. वैध शिकार परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. राज्याने मोकळीक दिली म्हणून केंद्राची मनाई उठत नाही. शिकागोला जाणार असेल तर आणखी सावध राहायला सांगा. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये लपवून बाळगायला परवाना आणि त्यासाठी 16 तासांचे प्रशिक्षण लागते. एका चुकीने व्हिसा जाऊ शकतो, हे त्याला आजच फोन करून सांगा.

प्रश्न : वडील वारले. त्यांची बाराबोर कपाटातच आहे. परवाना आपोआप माझ्या नावे होतो का? (शहादा)

उत्तर : होत नाही. परवाना वडिलांबरोबर संपला. बंदूक घरात ठेवणे आता तुमच्या अंगाशी येईल. काडतुसांसह ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. पावतीवर बंदुकीचा क्रमांक व काडतुसांची संख्या तिथेच ताडून पाहा. मग मृत्यूचा दाखला आणि बहीण-भावांचे ना हरकत पत्र जोडून वारस म्हणून अर्ज करा. ज्यांचे वडील हयात आहेत, त्यांनाही सांगतो : परवानाधारकाचे वय 70 झाले किंवा शस्त्र 25 वर्षे त्यांच्याकडे असले, तर ते जिवंतपणीच वारसाच्या नावे करण्याचा अर्ज देता येतो.