पिकअप घुमते म्हणून कर्ज काढू का?

नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेणाऱ्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३६, घरात आई, बायको, दोन मुलं. माळशेज चढताना त्यांच्या डिझेल पिकअपची केबिन इतकी घुमते की उतरल्यावरही कानात आवाज राहतो. गॅरेजवाल्याने केबिनला आवाज रोखणारं पूर्ण मॅटिंग आणि नवा सायलेन्सर मिळून ६२ हजार सांगितलेत. त्यासाठी पर्सनल लोन घेऊ, की गाडीच्या कर्जासोबत घेतलेल्या जीवन विम्याच्या पॉलिसीवर उचल घेऊ, असं ते विचारतात. थकवा कमी होऊन महिन्याला दोन फेऱ्या वाढतील, त्यातून कर्ज फिटेल, हा त्यांचा हिशोब.

नमस्कार. कुठलंच कर्ज काढू नका. फेऱ्या माल असला की वाढतात, केबिन शांत झाली म्हणून नाही.

त्रास मात्र खरा आहे, कान आधी तपासून घ्या. १८०० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला ६० ठोके देतं. इतका खर्जातला आवाज पातळ मॅटिंगला जुमानत नाही. तो बहुधा बसलेल्या इंजिन माउंटिंगमधून (इंजिन ज्यावर टेकतं त्या रबरी बैठकीतून), सायलेन्सरच्या तुटलेल्या रबरांतून किंवा गळक्या जॉइंटमधून आत येतो. गाडी वर घेऊन आधी हे बघायला लावा. त्यातलं काही निघालं तर ५-७ हजारांत काम होईल. मॅटिंग नंतर, तेही फक्त पायाखाली आणि इंजिनच्या बाजूला, रोखीने.

आता पॉलिसी. 'कर्जासाठी घ्यावीच लागते' असं सांगून ती तुमच्या गळ्यात मारली. असा कुठलाही कायदा नाही. वर्षाला २४ हजार, २० वर्षं, विमा रक्कम साडेचार लाख. गाडीचं कर्जच साडेपाच लाख बाकी आहे! उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या पैशात गाडीही सुटत नाही, मुलांच्या शाळेचं तर सोडाच. गाडीच्या विम्यातलं मालक-चालकाचं १५ लाखांचं कवच फक्त अपघाताला आहे, हार्ट अटॅकला नाही.

एजंट म्हणाला, पैसे दुप्पट होतील. ४.८० लाखांचे २० वर्षांत ९.६० लाख म्हणजे जेमतेम सव्वासहा टक्के, तेही त्याने रंगवलेला बोनस मिळाला तर. आणि गाडीच्या कर्जावर तुम्ही १२ टक्के भरताय. पॉलिसीवर उचल म्हणाल, तर दोन हप्त्यांत तुम्ही भरलेतच ४८ हजार. ६२ हजार देणार कोण?

५० लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा, तुमच्या वयाला १०-१२ हजारांच्या आसपास बसेल. मालाची गाडी स्वतः चालवता, तंबाखू खात असाल तर तेही, अर्जात स्पष्ट लिहा. लपवलंत तर ऐन वेळी दावा अडकतो आणि बायकोला हेलपाटे पडतात. टर्मची पॉलिसी हातात आली की मगच जुनी बंद करा. किती परत मिळतील ते कंपनीकडून लेखी घ्या. ४८ हजारांतले निम्मे बुडाले तरी चालतील, पुढचे १८ हप्ते म्हणजे ४ लाख ३२ हजार वाचतात. दरवर्षी उरणारे बारा हजार गाडीच्या कर्जात भरा, मुदतीआधी भरल्याचा दंड किती ते आधी विचारून.

तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात टर्मचं मेडिकल उरकून घ्या.