शिराझ एकच, चव वेगळी का?

प्रश्न: जावईबापूंनी ॲडलेडहून हेन्श्की घराण्याची शिराझ वाइन आणली. आमच्या दिंडोरीच्या बागेतही शिराझ जातीची द्राक्षंच आहेत. मग चवीत एवढा फरक कशाने?
– एक बागायतदार, नाशिक

उत्तर: दादा, जात एकच, पण वेलीचं आयुष्य निराळं. या घराण्याची सर्वांत नावाजलेली वाइन 'हिल ऑफ ग्रेस'. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ईडन व्हॅलीत एका जुन्या चर्चसमोर ती बाग आहे, आणि तिथल्या सगळ्यात जुन्या वेली १८६० च्या सुमाराच्या! सिरिल हेन्श्कींनी १९५८ पासून या एकाच बागेची वेगळी वाइन काढली. वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, कारण मुळं पोखरणारी फायलोक्सेरा कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोचलेलीच नाही. आपल्याकडे डॉगरिजसारख्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर कलम. शिवाय तिथली वेल हिवाळ्यात पानं गाळून विश्रांती घेते. आपली घेत नाही, म्हणून नव्या काड्यांसाठी एप्रिलची खरड छाटणी आणि घडांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी. म्हाताऱ्या वेलीला घड कमी, पण रस दाट.

तुमच्या बागेत घडांची विरळणी जरा कडक करा. मला त्यातच खरा फरक दिसतो. आणि ती बाटली फार गार करू नका, वास दबतो.