हॉल छोटा, सासूबाई ६८ च्या, कोणता गेम घेऊ?

प्रश्न: दिवाळीत नणंदेची मुलं येणारेत, सगळ्यांनी मिळून हात हलवून खेळायचा गेम घ्यायचाय. ओळखीतून जुना कायनेक्ट (एक्सबॉक्स गेमिंग मशीनला जोडायचा कॅमेरा) स्वस्तात मिळतोय. हॉल १० बाय १२, त्यात सोफा. घेऊ का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, कायनेक्ट नका घेऊ. २०१० ला आला तेव्हा भारीच होता, हातात काही धरायचंच नाही, कॅमेराच आपलं अंग बघतो, पण दोघांना खेळायला टीव्हीपासून ८ एक फूट लांब उभं राहावं लागतं आणि तुमच्याकडे तिथे सोफा आहे, शिवाय २०१७ पासून तो बनायचाच बंद झालाय.

त्यापेक्षा निन्टेंडो स्विच हे गेमिंग मशीन बघा. त्याच्या जॉयकॉनमध्ये, म्हणजे हातात धरायच्या छोट्या रिमोटमध्ये, जायरोस्कोप असतो, मनगट वळलं की त्याला कळतं, म्हणून जागा कमी लागते. ‘स्विच स्पोर्ट्स’ या गेममधल्या बोलिंगपासून सुरुवात करा, बटण दाबून हात मागे न्यायचा, पुढे आणताना सोडायचं, बस्स! सासूबाईंना खुर्चीत बसूनही जमेल, आणि त्यांना पहिली पाळी द्याच.

मनगटाचा पट्टा मात्र प्रत्येकाने घट्ट लावायचा, अगदी मोठ्यांनीसुद्धा. आमच्याकडे भाच्याच्या हातातून सुटलेला रिमोट थेट टीव्हीच्या काचेवर गेला होता. टीपॉय आधी आत ठेवा.