फक्त ट्रॅक्टरचे पार्ट करतो, विमानाचं काम हवंय: आयएटीएफ घ्यावं की एएस ९१००?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंगणघाटजवळ छोटं सीएनसी शॉप आहे, सगळं काम ट्रॅक्टरच्या पिना-बुशचं. पुढे नागपूरच्या मिहानमधल्या विमान कंपन्यांचं काम धरायचंय, आणि कन्सल्टंट म्हणतो, ‘आधी आयएटीएफ १६९४९ करून टाका, मग एएस ९१०० सोपं जातं.’ (आयएटीएफ १६९४९ म्हणजे गाड्यांच्या पार्टसाठीचं क्वालिटी सर्टिफिकेट, एएस ९१०० म्हणजे विमानाच्या पार्टसाठीचं.)

मी देवळी एमआयडीसीत क्वालिटी बघतो. दोन्ही ऑडिटला सामोरा गेलो आहे, म्हणून सरळ सांगतो भाऊ: तुमच्या आजच्या कामावर आयएटीएफचं सर्टिफिकेट मिळतच नाही. त्यांच्या नियमांत ऑटोमोटिव्ह म्हणजे कार, हलकी व्यावसायिक वाहनं, ट्रक, बस आणि मोटारसायकल. शेती, खाण आणि बांधकामाची यंत्रं त्यातून वगळलेली आहेत, आणि ट्रॅक्टर शेतीत मोडतो. ट्रॅक्टर कंपनी पीपॅप (पार्टच्या मंजुरीची फाईल) मागते, एफएमईए (कुठे काय चुकू शकतं याची यादी) मागते, त्यामुळे आपणही ऑटोवालेच असं वाटतं. पण सर्टिफिकेटसाठी तुमच्या शॉपमधून गाडीचा पार्ट जायला हवा आणि हातात बारा महिन्यांच्या कामगिरीचे आकडे, इंटर्नल ऑडिट हवेत. एवढी गोष्ट ज्याने आधी सांगितली नाही, त्याला ॲडव्हान्स देऊ नका.

आयएटीएफ आणि एएस ९१००, पाया दोन्हीचा एकच: आयएसओ ९००१:२०१५, म्हणजे कुठल्याही धंद्याला लागू होणारं क्वालिटीचं मानक. दोन्हींची चालू आवृत्ती २०१६ची. एएस ९१००चं नाव पुढच्या आवृत्तीत आयए ९१०० होणार आहे, पण तेवढ्यासाठी थांबायची गरज नाही. खरा फरक दिसतो तो मशीनपाशी.

गाडीच्या कामात सगळा भर प्रोसेसवर. पीपॅपसाठी साधारणपणे सलग ३०० जॉब काढायचे, महत्त्वाच्या मापांचा अभ्यास करायचा आणि सुरुवातीलाच १.६७च्या वर इंडेक्स (प्रोसेस टॉलरन्समध्ये किती नीट बसते त्याचा आकडा) दाखवायचा. मग एमएसए (मोजण्याच्या पद्धतीची तपासणी), कंट्रोल प्लॅन, एसपीसी (मापांच्या आकड्यांवरून प्रोसेसवर नजर). महिन्याला हजारो नग जातात, म्हणून आकडेशास्त्र कामी येतं.

विमानाच्या ऑर्डरमध्ये कधी आठ-दहाच नग असतात. तिथे ३०० कुठून आणणार? म्हणून तिथे एएस ९१०२प्रमाणे फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन, म्हणजे पहिल्या नगाची संपूर्ण तपासणी. ड्रॉईंगवरच्या प्रत्येक गोष्टीला गोल करून नंबर द्यायचा. व्यास आणि लांबी तर आलीच, पण चॅम्फर, थ्रेड, फिनिश, कोपऱ्यातली ‘शार्प कडा मोडा’ ही नोटसुद्धा. मग एकेका नंबरपुढे मोजलेलं माप. एका साध्या ब्रॅकेटच्या ड्रॉईंगवर शंभराच्या वर गोल होतात. प्रोसेस बदलली, मशीन दुसऱ्या जागी नेलं किंवा दोन वर्षं तो पार्ट केलाच नाही, तर पुन्हा करावं लागतं.

त्याहून अवघड ट्रेसेबिलिटी, म्हणजे कोणता जॉब कोणत्या मालातून झाला याचा माग. आपल्याकडे बार आला की कटिंगवाला सोयीच्या बाजूने कापतो. हीट नंबर (धातू कोणत्या घाणीतला ते सांगणारा) पंच केलेलं टोक आधीच कापलं, तर उरलेला बार विमानासाठी गेला, धातू कितीही चांगला असो. म्हणून नंबर नसलेल्या बाजूने कापायचं, किंवा कापण्याआधी नंबर उरणाऱ्या तुकड्यावर चढवायचा. ही सवय आजपासून ट्रॅक्टरच्या कामातच लावा, पैसा लागत नाही. स्क्रॅपचंही तसंच. रिजेक्ट जॉब भंगारात टाकून भागत नाही. त्यावर कायमची खूण हवी आणि शेवटी तो वापरताच येणार नाही असा तोडावा लागतो. माप चुकलं तर ‘चालून जाईल’ हा निर्णय आपला नाही, ज्याचं डिझाईन आहे त्याचा.

आपल्या भागातली एक गोष्ट कन्सल्टंट सहसा बोलत नाही: ऊन. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४२ अंश असताना १०० मिमीचा ॲल्युमिनियमचा तुकडा सुमारे ०.०५ मिमी वाढलेला असतो, आणि हातातला स्टीलचा मायक्रोमीटर त्याच्या साधारण निम्माच. म्हणजे माप जवळपास ०.०२५ मिमीने चुकतं. ट्रॅक्टरच्या बऱ्याच मापांत हे खपतं, कारण जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही स्टीलचे, सोबतच वाढतात. विमानाच्या घट्ट टॉलरन्समध्ये खपत नाही. म्हणून नवीन मशीनचं कर्ज काढण्याआधी एक छोटी बंद खोली, एसी आणि लाईट गेल्यावर तो चालेल अशी सोय करा. जॉब तिथे तासन्‌तास ठेवून मगच मोजायचा.

हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, ॲनोडायझिंग बाहेरून करून घेत असाल तर तेही तपासा. विमान कंपन्या अशा स्पेशल प्रोसेससाठी बहुतेक वेळा नॅडकॅप (विमान उद्योगाची अशा प्रोसेसची तपासणी) मान्यता असलेलाच व्हेंडर मागतात. नेहमीचा प्लेटिंगवाला तिथे चालणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आधी आयएसओ ९००१ नीट बसवलं असतं आणि त्यावर थेट एएस ९१०० चढवलं असतं. पीपॅप-एफएमईएची तुमची सवय वाया जात नाही, एएस ९१४५मध्ये तीच पद्धत विमानासाठी आणली आहे. उद्या ट्रक-बसचं काम आलं तर आयएटीएफ तेव्हा बघा. ‘महिन्याभरात सर्टिफिकेट’ म्हणणारा भेटला, तर त्याने आधी करून दिलेल्या कंपनीचं नाव ओॲसिस या डेटाबेसवर दाखवायला सांगा. खरं एएस ९१०० तिथे दिसतं.

आणि एक काम याच आठवड्यात करा: ज्या कंपनीचं काम हवंय तिच्या परचेसकडून सप्लायरसाठीच्या क्वालिटी अटींचा कागद मागवा. छोट्या पार्टसाठी काही कंपन्या सुरुवातीला आयएसओ ९००१वरही घेतात, आणि ते त्या कागदातच लिहिलेलं असतं. कागद मिळाला की त्यातल्या अटी इथे टाका, कोणती तुमच्या शॉपमध्ये कशी बसवायची ते एकेक करून सांगतो.