कॉम्प्युटर पाच मिनिटांतच लॉक होतो, वेळ कशी वाढवायची?

तुमच्यासारखंच माझ्या सेतूवर व्हायचं. पेरणीच्या दिवसांत सातबाऱ्यासाठी रांग लागलेली, एखादे काका पिशवीतून आधार कार्ड शोधेपर्यंत स्क्रीन काळी. मग पुन्हा पासवर्ड.

विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, मग पॉवर असं जा (लॅपटॉपवर पॉवर अँड बॅटरी दिसेल). तिथे स्क्रीन किती वेळाने बंद व्हावी आणि मशीन कधी झोपावं, हे दोन वेगळे आकडे असतात. लोक पहिलाच बदलतात अन् मग म्हणतात, काहून होत नाही! दोन्ही ३० मिनिटं करा. लॅपटॉपवर चार्जर लावलेला असताना आणि बॅटरीवर असताना, अशी वेगवेगळी वेळ ठेवता येते. आपल्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही, म्हणून बॅटरीची वेळ मी ५ मिनिटंच ठेवलीय.

तरीही लॉक होतोय? मग स्क्रीन सेव्हर बघा. तिथे 'रिझ्यूम केल्यावर लॉगऑन स्क्रीन दाखवा' अशी एक चौकट असते, तिच्यावरची टिक काढा. माझा खरा चोर तिथेच सापडला.

पासवर्ड परत मागूच नये असं हवं असेल, तर अकाउंट्समधल्या साइन-इन ऑप्शन्समध्ये 'नेव्हर' निवडता येतं. घरी ठीक. सेतूवर मात्र नको बाप्पा, लोकांची कागदपत्रं उघडी असतात. चहाला उठताना विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबा, लगेच लॉक होतो.